रिठे वाटणारा रगडा

मित्रांनो, पल्लावरमच्या खाणीतला काळा दगड फोडून मला घडवलं आणि बैलगाडीतून वेस्ट मांबलमला, सकवारबाईंच्या स्वयंपाकघरात आणून बसवलं. मी त्या घरचा रगडा. बरीच वर्षं मी इडलीचं पीठ वाटलं, आणि आल्यागेल्यासमोर सकवारबाई माझी तारीफ करत. सुनेची मात्र त्यांनी कधी केली नाही.

सून कृष्णवेणी मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवायची. नवरा रेल्वेत, सदा बाहेरगावी. ती घरात आली त्याच वर्षी गोठ्यातली एक गाय खंगली, तिच्या जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबू लागली, आणि मागे एक कालवड ठेवून ती मेली. सकवारबाईंनी सुनेच्या पायगुणाला दोष दिला. कृष्णवेणीने गुरांच्या डॉक्टरांना बोलावून मेलेल्या गाईचं यकृत उघडायला लावलं. आत पानासारखे चपटे किडे होते. हे किडे तळ्याकाठच्या गोगलगायींत वाढतात, मग गवताला चिकटून चरणाऱ्या गाईच्या पोटात जातात, असं डॉक्टरांनी सांगितलं. गोगलगायींवर त्यांनी रिठ्याचं पाणी सुचवलं.

कृष्णवेणीने भिजवलेले रिठे माझ्यात वाटले. फेस काठावरून जमिनीवर उतरला. सकवारबाईंनी तो पाहिला आणि मला वाळीतच टाकलं. हमालांनी मला गोठ्यात नेऊन आपटलं, तेव्हा माझा एक टवका उडाला.

"हे विष माझ्या घरात नको," त्या म्हणाल्या, "आणि ते कालवणारीही नको."

दोघींचं बोलणं तुटलं. तरी कृष्णवेणी गोठ्यात येऊन वाटत राहिली आणि गाळलेलं पाणी तिने तळ्यात ओतलं. सकाळी गोगलगायी मेल्या होत्या, आणि शेजारच्या गुरुमूर्तींनी तळ्यात पाळलेले मासेही पोट वर करून तरंगत होते. गुरुमूर्ती दारात येऊन ठाकले. सकवारबाईंनी सरळ सुनेकडे बोट दाखवलं.

"मी आधी तुम्हाला विचारायला हवं होतं," एवढंच कृष्णवेणी म्हणाली आणि पदर खोचून गुरुमूर्तींबरोबर मेलेले मासे काढायला तळ्यात उतरली. त्यांनी तिला माफ केलं नाही. पुढे ती समोरून आली की ते रस्ता बदलत.

मग तिने तळ्याला हात लावला नाही. गाई तिकडे सोडणं बंद केलं. गोठ्यामागच्या चरातही गोगलगायी होत्या; त्याला मातीचा बांध घालून पाणी अडवलं आणि रिठ्याचं पाणी तेवढ्यातच टाकलं. मेलेल्या गाईची कालवड जगली, अंगाने भरली, यथावकाश व्याली.

कालवड व्याली त्या सकाळी कृष्णवेणी शाळेला निघाली होती. सकवारबाई गोठ्यात आल्या, माझ्यापाशी बसल्या आणि सुनेने भिजत घातलेले रिठे वाटू लागल्या.

"बांध बघून ये," तिच्याकडे न पाहता त्या म्हणाल्या. "झिरपलं तर पुन्हा तुझ्याच नावाने ओरडेन."

कृष्णवेणी बांधाकडे वळली.

मित्रांनो, दगडाला जागेवरून हलता येत नाही. माझ्यात वाटलेलं पाणी कुठवर गेलं, हे मला दुसऱ्यांच्या भांडणातून कळलं. तुम्हाला पाय आहेत. काहीही ओतण्याआधी पाण्याच्या वाटेने चालत जा आणि त्या वाटेवर कोण राहतं, ते बघून या.