सरकत्या जिन्याने चावलेला दुपट्टा

मी दुपट्टा बोलतोय. पोरीबाळींचा झुळझुळीत नव्हे. उन्हात डोक्याला गुंडाळायचा, जाडाभरडा, सुती. रंग पांढरा होता. आता विचारू नका.

पुसदच्या बाजारात बाबारावांनी मला घेतलं ते दोन्ही हातांनी ताणताण ताणून. सोयरीक करतानासुद्धा माणसं एवढं पारखत नाहीत. तेव्हापासून घाम पुसा, भाकर बांधा, माश्या हाकला, सगळं माझ्याच जिवावर. आभाराचा शब्द नाही.

यंदा मे महिन्यात बाबारावांनी जाहीर केलं, "पोट्ट्यायले नागपूरची मेट्रो दाखवतो." पोट्टे म्हणजे नातू अमर आणि धाकटी नात प्रियंका. सून बबिताचा जीव वरखाली.

"मामाजी, प्रियंका हात सोडून पळते. तुमच्यानं होईन का?"

"बैलं सांभाळले मी, हे दोन कायचे!"

"नीट आणा. नाई तं पुन्हा पोट्टे मागू नका." हसत म्हणाली, पण म्हणाली.

म्हणून नागपुरात एसटीतून उतरताच म्हाताऱ्यानं मला नळाखाली भिजवलं, ऊन लागू नये म्हणून पोरांच्या खिशात एकेक कांदा कोंबला, आणि माझी दोन टोकं दोघांच्या मनगटांना बांधली. मधे स्वतः, कासरा धरल्यासारखे. लोक वळून वळून पाहत होते.

मेट्रोच्या दारातला गार्ड म्हणाला, "आबाजी, नातवंडं आणले का जोडी?"

"जोडीच हाये. बुजते."

"इथं सोडा. एकेकानंच आत जा लागते."

सोडलं. मला खांद्यावर टाकलं. आत शिरताच प्रियंकानं सरकत्या जिन्यावर उडी घेतली आणि उभ्या उभ्या वर निघाली. वर पोचून पाहते तर आबाजी खालीच! भोकाड पसरलं.

सापाला न भिणारा माणूस, पण जमिनीतून निघणाऱ्या त्या पायऱ्या पाहून खांबासारखा उभा. पाय उचलायचा, मागे घ्यायचा.

"आबाजी, मी हात धरतो, चला ना!" अमर ओढू लागला.

"थांब बे! हे कुठून उगवते ते तं पाहू दे!"

तेवढ्यात वर गाडी आली. रडती प्रियंका गर्दीबरोबर दाराकडे ढकलली जाऊ लागली. ते दिसलं मात्र, 'जय भीम' म्हणून म्हातारा अमरचा हात धरून डोळे मिटून चढला.

वर पोचता पोचता माझं लोंबतं टोक पायरीच्या दातांत गेलं. माझ्याशिवाय हा माणूस कधी लग्नालाही गेला नाही. पण त्या घडीला खांदा झटकून मला टाकलं, धावला आणि पोरीला दारातून उचललं. वरच्या गार्डनं बटण दाबून जिना थांबवला, मला उपसलं. अर्ध्या माझ्या चिंध्या.

मग मेट्रोत बसलो. गारेगार. बाबाराव म्हणाले, "काई नाई त्या जिन्यात."

महागावला घरी पोचताच अमरनं घडलेलं सगळं आईपुढं ओकलं. बाबाराव चपलेचा अंगठा तपासत बसले. बबितानं मला उलटंपालटं केलं.

"आंघोळीले जातानाही हा दुपट्टा सोडत नाई तुमी, मामाजी. तिथं सोडला?"

"पोट्टीपुढं दुपट्टा घेऊन काय करू?"

बबितानं सुईदोरा घेतला. "दिवाळीत पुन्हा न्या त्यायले. मीही येते. मलेही पाहाचा तो जिना."

फाटकं कापून तिनं माझी कड शिवली. आता म्हाताऱ्याच्या डोक्याला मी पुरत नाही, प्रियंकाला बरोब्बर बसतो. बाबाराव नवा घेत नाहीत, तिच्याकडे मागतात. ती देत नाही. तुम्हाला एवढंच सांगतो, आखूड झालो म्हणून मला गाडी पुसायला देऊ नका. मी कामावर आहे.