गूळ तोच, माणसं दोन

दशरथ धुरी जमिनीवरून उठताना हात टेकत नाही, हे मला माघातल्या एका सकाळी दिसलं. तेव्हा माझ्या पोटात जो निखारा पडला तो काही विझला नाही.

आमच्या मुलुंडच्या राममंदिरात चैत्राच्या उत्सवाची बैठक होती. साल पंचावन्न. सतरंजीवर आम्ही आठ-दहा जण. बैठक संपली तसा मी नेहमीप्रमाणे डावा हात टेकला, गुडघ्यावर आलो, खांब धरला आणि रामाचं नाव घेत उभा राहिलो. शेजारी दशरथ होता. त्याची मांडी सुटली आणि माणूस सरळ उभा! मांडीवर पानाची चंची होती, ती उठता उठता हातात आली होती. वर मला म्हणतो,

"नानानू, हात होयो काय?"

"मी उभाच आहे की," मी म्हटलं.

"व्हय तर, खांबाक विचारा."

सगळे हसले. उत्सवाचा चिटणीस मधुकर, वयानं माझ्या मुलासारखा, त्यानं हसता हसता आगीत तेल ओतलं. "दशरथदादा, तुम्ही तर तीन तास उभे राहाल हो! नाना, यंदा झांज थोडा वेळ दादांना द्या ना."

तो थट्टेत बोलला, पण मला झोंबलं. आमच्याकडे रामनवमीला साडेनऊ वाजता जन्माचं कीर्तन उभं राहतं. बुवा पुढे, आणि त्यांच्या मागे झांज घेऊन ध्रुवपद झेलणारा. ही जागा एकोणीस वर्षं माझी होती. तिचा नेम कडक. नमनाला झांज हातात घेतली की रामाचा पाळणा हलेपर्यंत ती खाली ठेवायची नाही आणि धरणाऱ्यानं बसायचं नाही. अडीच तास. मला आयुष्यात दुसरा मान मिळाला नाही आणि हवाही नव्हता. बुवांनी ओळ सोडावी आणि ती जमिनीला लागायच्या आत आपण उचलावी, याहून गोड काम मला माहीत नाही. आदल्या वर्षी उत्तररंगात माझे पाय थरथरले होते. ते कोणाला कळलं नव्हतं, निदान मी तसं धरून चाललो होतो.

दशरथ आणि मी एका वयाचे. त्यानं तीसेक वर्षं परळच्या गिरणीत माग चालवला, मी फोर्टातल्या कचेरीत खुर्ची झिजवली. आता तो मुलाकडे राहायचा आणि मंदिराच्या विहिरीतून पाणी काढून देवाच्या फुलझाडांना घालायचा. रोज तीस-चाळीस कळश्या. माझ्याहून वीतभर उंच, पण अंगानं म्हणाल तर वाळकी शेवग्याची शेंग. मी मात्र भरदार. लोक म्हणायचे, नानांची प्रकृती कशी टिकून आहे!

ह्या माणसाला हरवायची संधी मला रामानंच दिली, असं मला वाटलं. आमच्या मंदिरात ज्याची सत्तरी भरते त्याची अष्टमीला गुळानं तुला करतात आणि तो गूळ घरोघर प्रसाद म्हणून जातो. यंदा दोघांचीच होती, दशरथची आणि माझी. एकाच काट्यावर, सगळ्या गावासमोर. त्या शेंगेच्या पारड्यात गूळ कितीसा पडणार? कोणात किती दम आहे ते लोकांना आपोआप दिसेल.

मग मी तयारीला लागलो. डिंकाचे लाडू, भातावर तुपाची धार, दुपारी बासुंदीची वाटी. संध्याकाळी तलावापर्यंत फिरायला जायचो तेही बंद केलं. कमावलेलं वजन चालून कशाला घालवायचं?

आमची रत्नप्रभा सहा आठवडे बघत होती. एक दिवस वाटी आपटून म्हणाली, "अहो, तुला गुळाची आहे की बासुंदीची?"

"अंगात ताकद नको का? नवमीला उभं राहायचंय."

"ताकद येतेय ती सगळी धोतराच्या गाठीशी येऊन बसलीय. कालपासून दुसऱ्या जिन्यावर थांबताय, मी ऐकते ना वरून."

"तू जिन्यावर कान ठेवून असतेस वाटतं?"

"चाळीस वर्षं ठेवलाय. पूर्वी तीन पायऱ्या एकदम चढायचात."

मी आणखी एक लाडू घेतला.

अष्टमीला सकाळी लाकडाच्या वखारीतला मोठा काटा मंडपात टांगला. आधी मी बसलो. गुळाच्या ढेपा चढत गेल्या, बायका मोजत गेल्या, आणि काटा सम झाला तेव्हा गुळाचा ढीग बघून माझ्या मनात शंखनाद झाला. मला दोघांनी धरून उतरवलं. गूळ तसाच पारड्यात ठेवला, दशरथ बसला की जास्तीचा काढून घ्यायचा म्हणून. दशरथ चढला. मी मधुकरला म्हटलं, "तीन-चार ढेपा काढायची तयारी ठेव रे."

काटा हलला. दशरथचं पारडं खाली गेलं, वर आलं, पुन्हा थोडं खाली गेलं आणि थांबलं. सम. एक खडासुद्धा काढावा लागला नाही.

"झकास!" मधुकर ओरडला. "जुळे भाऊ आहेत की दोघे!"

टाळ्या पडल्या. माझ्या कानात मात्र दडे बसले. "कमरेला काही आहे का बघा त्याच्या," मी म्हणून गेलो. देवासमोर, सत्तर वर्षांच्या माणसाबद्दल, मी हे म्हणालो. आज लिहितानाही कानाच्या पाळ्या तापतात.

दशरथनं शांतपणे पंचा झटकला. "चंची हा नानानू. ती काढून ठेवू?"

आमचे डॉक्टर नंदकिशोर तिथंच उभे होते. पाचरस्त्याजवळ त्यांचा दवाखाना. बोलायला मोकळा माणूस. ते पुढं आले, त्यांनी माझा दंड चिमटीत धरला, मग दशरथचा धरला. माझ्या दंडाची बोटभर जाड घडी त्यांच्या चिमटीत आली. दशरथच्या दंडावर चिमूट नुसती घसरली.

"नाना, काट्यानं वजन सांगितलं," ते म्हणाले. "वजन कशाचं ते काटा सांगत नाही. वय झालं की अंगातलं मांस झिजतं आणि त्या जागी चरबी येऊन बसते. बाहेरून माणूस तेवढाच दिसतो. भिंतीतल्या विटा कमी झाल्या आणि गिलावा जाड झाला, तर लांबून घर तसंच दिसणार ना? ह्यांच्या विटा शाबूत आहेत, कारण हे रोज त्या वापरतात."

"आणि माझ्या?"

"ह्या बाकावर बसा. हात छातीशी बांधा आणि पाच वेळा उठून बसून दाखवा."

माणसं जमली. पहिल्यांदा उठलो. दुसऱ्यांदा झोका घेऊन उठलो. तिसऱ्यांदा अर्ध्यातून परत बाकावर आदळलो. दशरथला कोणी सांगितलं नव्हतं, पण तो शेजारी बसला आणि पाचाच्या जागी बारा वेळा उठला. मध्ये पोरींशी बोलतही होता. दुष्ट मेला!

डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "उद्या अडीच तास उभे राहू नका. आता राग मानाल, पण हे सुधारतं. डाळ-दूध वाढवा, तूप आवरा, रोज उठबस करा. सत्तरीतही मांस धरतं. पण त्याला महिने लागतात, रात्रीतून होत नाही."

"झांज माझी आहे," मी म्हणालो.

नवमीला साडेनऊला मी झांज घेतली. बुवा कल्याणहून आलेले, गळा खडीसाखरेचा. नमन झालं, पूर्वरंग सुरू झाला. त्या दिवशीचं आख्यान अयोध्येच्या राजवाड्यात रामजन्माची वाट बघणाऱ्या एका म्हाताऱ्या द्वारपालाचं होतं, आणि बुवांनी स्वतः रचलेलं ध्रुवपद, "उभा राहू दे, देवा, तुझिया दारी मज उभा राहू दे." बुवा सोडायचे, मी उचलायचो. अकरापर्यंत मला दशरथच काय, स्वतःचे पायही आठवले नाहीत.

उत्तररंगात मांड्या जळायला लागल्या. साडेअकराला मी खांबाला पाठ लावली. पावणेबाराला गुडघे आपले आपण वाकायला लागले, आणि प्रत्येक वेळी ते सावरताना माझा एक ठोका मागे पडू लागला. बुवा गात होते दुडक्या चालीत, आणि माझी झांज चिखलातल्या बैलासारखी ओढत होती. बुवांनी एकदा मागे पाहिलं. ते रागावले नव्हते. त्यांनी लय हळू केली, माझ्यासाठी.

ते मला सोसलं नाही. जन्म जवळ आला की कीर्तन चढत जातं. तो चढ उतरवला होता तो माझ्या मांड्यांनी.

झांज खाली ठेवायची नाही हा नेम होता. पण दुसऱ्याच्या हातात द्यायला नेमाची आडकाठी नव्हती. मी आजूबाजूला पाहिलं. खरं सांगतो, कोणीही चाललं असतं. मधुकरला ताल नाही. डॉक्टर लांब होते. डाव्या हाताला, दोन हातांवर, दशरथ उभा होता. तो पहिल्यापासून उभाच होता, आणि ओठांतल्या ओठांत ध्रुवपद म्हणत होता. पडावं, पण ह्याला देऊ नये, असं मला वाटलं. दोन आवर्तनं तसंच वाटलं. तिसऱ्याला बुवांनी ओळ सोडली आणि ती जमिनीला लागली. कोणी उचललीच नाही.

मी झांज त्याच्यापुढे धरली.

त्यानं आधी झांज घेतली नाही. डावा हात माझ्या बगलेत घातला, मला सबंधच्या सबंध पेलून हळूच सतरंजीवर बसवलं, आणि मग झांज घेतली. बारदान उतरवावं इतक्या सहज. आभार मानायला हवे होते, पण मी त्याचा दंड बघत होतो.

त्याची झांज राकट. पण ठोका पक्का, मागाच्या धोट्यासारखा. बुवांनी लय मोकळी सोडली आणि कीर्तन पुन्हा उसळलं. एका कडव्याला दशरथ अडला, शब्द त्याला ठाऊक नव्हते. माझ्या तोंडून ते आपोआप निघाले, खाली बसूनच, आणि दशरथनं माझ्याकडे न बघता ते उचलले.

बारा वाजले. सनई वाजली, गुलाल उडाला, सगळा मंडप उभा राहिला. मी हात टेकला, गुडघ्यावर आलो, आणि तिथंच राहिलो. खांब हातभर लांब होता. कोणाच्या लक्षात आलं नाही, सगळ्यांचे डोळे पाळण्याकडे. रामजन्माला खाली राहिलेला मी एकटा. मला पाळणा दिसला नाही. मला पोटऱ्या दिसल्या, पन्नास-साठ माणसांच्या, आणि सगळ्यांत पुढे दशरथच्या, दोरखंड पिळावा तशा. मी देवाला हात जोडले, पण डोळे त्या पोटऱ्यांवरून हटेनात.

दशमीला उजाडताच मी विहिरीवर गेलो. दशरथ पाणी शेंदत होता.

"नानानू! इतक्या सकाळी? बरा असा मां?"

"परवा काट्यावर तुझ्या कमरेचं मी भलतंच बोलून गेलो. ते चुकलं माझं."

"ता मी कधीच इसारलंय." त्यानं कळशी खाली ठेवली. "आनी काय ता बोला."

"एक कळशी दे. झाडांपर्यंत नेतो."

त्यानं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि भरलेली कळशी अर्धी ओतून दिली. "आज अर्धी. मगे हयसर कठड्यार बसा आनी उठा. माझो खांदो धरा. उद्या नको धरूक."

मी अर्धी कळशी नेली. चाफ्याजवळ पोचेपर्यंत धाप लागली. परत येऊन कठड्यावर बसलो, त्याचा खांदा धरून उठलो, पुन्हा बसलो. मनात मत्सर होता का? होता, काठोकाठ. कीर्तनात ऐकलंय, षड्रिपूंतला हा सगळ्यांत चिवट. मी उठता उठता रामाला म्हटलं, बाबा, हा माझ्या मनातून काढ, पण इतक्यात नको. सध्या मला उठवतोय तोच.

"पुढच्या नवमीला झांज मी मागणार आहे तुझ्याकडे," मी चौथ्यांदा उठून म्हणालो.

"मागा ना," दशरथनं रहाट सोडला. "मी दितंय काय ता बघूया."