चार वायरींचा जोड

मला लोक पक्का म्हणतात. गाड्यांच्या वायरिंगची कामं करतो मी, आणि माझा जोड निखळला अशी तक्रार घेऊन आजवर कुणी आलेलं नाही. हे मिरवायला सांगत नाही. त्या पक्केपणापायीच सगळा घात झाला, म्हणून सांगतो.

दादाची गाडी बावीस वर्षांची. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, छापखान्यात प्रूफं तपासतो. त्याचे दोन्ही गुडघे कामातून गेलेत. क्लच, ब्रेक सगळं हातानेच चालवता यावं म्हणून त्या गाडीला लिव्हर मीच बसवले होते, आणि तेव्हा त्याला रीतसर परवानगीही मिळाली होती. आता दुसऱ्या गाडीला असलं घरगुती काम कुणी मंजूर करत नाही. बसच्या पायऱ्या त्याला चढवत नाहीत, आणि प्रूफं घरी पाठवायला छापखान्याचा मालक तयार नाही. म्हणजे गाडी गेली की नोकरी गेली, आणि नोकरी गेली की दादा खुर्चीत बसून राहणार. वहिनी म्हणायची, "यांना घरी बसवू नका हो भावजी. आधी औषधाच्या बाटलीवरच्या चुका काढतील, मग माझ्या." म्हणायची हसत, पण डोळे हसायचे नाहीत.

धूर तपासणीत गाडी दोनदा नापास झाली होती. तिसऱ्यांदा नापास झाली की नोंदणी रद्द आणि गाडी थेट भंगारात, असा नियम.

दोष कुठे आहे ते मला सापडलं होतं. धूर जातो त्या पाइपात ऑक्सिजन सेन्सर असतो. धुरात किती ऑक्सिजन उरलाय ते तो कळवतो, आणि त्याप्रमाणे इंजिनाचं पेट्रोल कमीजास्त होतं. त्याच्या चार वायरी जोडणारा प्लास्टिकचा कपलर उष्णतेने वितळला होता, आतल्या पिना गंजून हिरव्या पडल्या होत्या. सेन्सर मात्र ठणठणीत. त्या गाडीचा नवा सेन्सर आता शोधूनही मिळत नाही, त्यामुळे तो शाबूत बघून माझा जीव भांड्यात पडला. दोन्ही बाजूंचे कपलर बदलले की झालं. तासाभराचं काम.

नव्या कपलरच्या पाकिटात एक चिठ्ठी निघाली. दादा गॅरेजात स्टुलावर बसला होता. कागद दिसला की त्याला राहवत नाही.

"पक्क्या, यात लिहिलंय की वायरी सोल्डर करू नयेत, पिना नुसत्या दाबून बसवाव्यात. आणि ग्रीस भरू नये."

"का, ते लिहिलंय?"

"नाही. शुद्धलेखनाच्या तीन चुका आहेत मात्र."

"ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं मी कशाला ऐकू? दाबून बसवलेला जोड म्हणजे पाट्या टाकणं. तू कागद बघ, मी गाडी बघतो."

"बघ बाबा," दादा म्हणाला आणि चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली.

मी नेहमीसारखंच केलं. वायरी सोलल्या, पीळ दिला, वितळवलेलं सोल्डर पार आत मुरेपर्यंत भरलं, वरून प्लास्टिकची स्लीव्ह तापवून आवळली. मग कपलरमध्ये ग्रीस भरलं, कडेने बाहेर येईतो. पाण्याचा थेंब आत गेला तर नाव बदलीन, असंही म्हणालो. इंजिन सुरू केलं. चालकासमोरचा इंजिनदोषाचा पिवळा दिवा विझला, धुराला येणारा पेट्रोलचा वास गेला. दादा दोन दिवस छापखान्यात जाऊन आला आणि मी चार लोकांत नाक वर करून हिंडलो.

तिसऱ्या दिवशी तपासणी. केंद्रावर रांग मोठी होती. गाडी गरम राहावी म्हणून इंजिन बंद करू नकोस, असं मीच दादाला सांगितलं. पाऊण तास गेला आणि मला तो वास आला. पेट्रोलचा. मागेपुढे गाड्या, रांगेतून निघायला जागा नव्हती.

तपासणीवाल्या बाईंनी नळी पाइपात घातली. आकडा लाल झाला. बाई चांगल्या होत्या. स्वतः दिवा घेऊन खाली वाकल्या आणि बोटाला लागलेलं ग्रीस मला दाखवलं.

"हे कुणी भरलं?"

"मी."

"अहो, हा सेन्सर बाहेरची हवा वायरींच्या आतूनच घेतो. त्या हवेशी ताडून बघतो, तेव्हा त्याला धुरातलं कळतं. तुम्ही तर सगळ्या वाटा बुजवल्यात. आत होती तेवढ्या हवेवर दोन दिवस चालला असेल."

"दहा मिनिटं द्या. कापतो आणि नवा जोड करतो."

"आकडा मशीनमधून परस्पर वर जातो. माझ्या हातात काही नाही."

मी हात जोडले. मग ओरडलो. ओरडायला काय लागतं? बाईंनी मशीनचा पडदा माझ्याकडे वळवला. नोंदणी रद्द झाली होती.

दादाने गाडीत बसून सगळं ऐकलं होतं. मी खिडकीशी गेलो. त्याने ती चिठ्ठी काढून माझ्या तोंडावर फेकावी, असं मला फार वाटत होतं.

"दादा, गाडी मी मारली. तू वाचून दाखवलं होतंस."

"हळू बोल. इथले निम्मे लोक तुला कामं देतात."

"गेली खड्ड्यात कामं."

"वेड्यासारखं करू नकोस. कपलर जुना होता, वितळला, म्हणून सांग. वहिनीलाही तेच सांग." त्याने इंजिन बंद केलं. "दोघांपैकी एकाचं तरी काम राहू दे."

मी त्याच्या काठ्या काढून दिल्या, दार धरलं. उतरायला त्याला नेहमीपेक्षा वेळ लागला. मागच्या गाडीचा मेकॅनिक खाली उतरून आमच्याकडे येत होता. माझ्या ओळखीचा होता.

"काय रे पक्क्या, तुझ्या हातची गाडी आणि नापास? काय झालं?"

"कपलर जुना होता," मी म्हणालो.

"फार जुना," दादा म्हणाला.