बिननावाचं रीळ

आत्याने ते रीळ माझ्याकडे आणायच्या आधी घासलं होतं. पॉलिश लावून, जुन्या टूथब्रशने, अख्खी दुपार. आणि वर मलाच सांगते, "बघ कसं लखलखतंय!"

मी कपाळाला हात लावला. "अगं आत्या, जुन्या वस्तूवर डाग असतात, ओरखडे असतात, तेच तर वाचायचे असतात. तू सगळं पुसून आणलंस!"

"मग काय घाणेरडं आणू? लोक काय म्हणतील?"

लोक म्हणजे मी एकटा. सायकलच्या दुकानामागच्या खोलीत बसून मी मासे धरायच्या गळाच्या काठ्या आणि त्यांवरची दोरी गुंडाळायची रिळं दुरुस्त करतो. शिकवलं कुणीच नाही, मोडत मोडत शिकलो.

काठी आणि रीळ दोन्ही आजोबांचं, म्हणजे तिच्या वडिलांचं, अण्णांचं. आत्याने घर रंगवायला काढलं तेव्हा माळ्यावर टाकीच्या मागे सापडलं. काठीबद्दल वाद नव्हताच. बांबूच्या कांबी चिकटवून ती आजोबांनी घरी केली होती, दोरी ओवायच्या कड्या बांधताना दोरा आत्यानेच धरला होता. भांडण होतं ते रिळाचं. आजोबा रिळांच्या कारखान्यात लेथवर होते. एक दिवस त्यांच्या काठीवर नवंकोरं पितळी रीळ दिसलं आणि साहेबाने त्यांना चोर म्हणून काढून टाकलं. आजोबा मरेपर्यंत सांगत राहिले, मी ते स्वतः बनवलंय, सुट्टीच्या दिवशी, मित्राच्या गॅरेजमधल्या लेथवर. कुणी मानलं नाही. माझ्या काकाने, सख्ख्या मुलाने, त्यानेही नाही. मानलं एकट्या आत्याने. तेव्हा ती अकरा वर्षांची होती आणि शाळेत 'चोराची पोर' ऐकून घेत होती.

"किंमत वगैरे नको सांगूस," ती म्हणाली. "एवढंच सांग खटपट्या, अण्णांनी बनवलं की उचललं?"

रिळावर नाव नाही, नंबर नाही, काही म्हणजे काही नाही. घरी बनवलेल्या रिळावर नाव नसतंच. आणि ठसा मारायच्या आधी कारखान्यातून उचललेल्यावरही नसतं. आता बोला!

मी फोटो काढून घड्याळवाल्या काकांना पाठवले. ते घड्याळं दुरुस्त करतात आणि त्या कारखान्याची तीन रिळं काचेच्या कपाटात ठेवून पूजा केल्यासारखी पुसतात. मिनिटभरात उत्तर, सोबत त्यांच्या रिळांचे फोटो. 'कारखान्याचंच. आकार तोच, खांब तेच, मूठ तीच. ठशाआधी उचललेलं.'

मी त्यांचे फोटो आणि माझं रीळ शेजारी ठेवून बघितलं. डिट्टो. आणि मी शहाणा, लगेच फोन लावला. "आत्या, कारखान्याचं दिसतंय गं."

पलीकडून एकच "बरं." फोन बंद. ज्या बाईला नुसतं 'ठेवते' म्हणायला अर्धा तास लागतो, तिने फोन असा ठेवला. चार दिवस तिचा फोन नाही. बाबा म्हणाले, तिने आजोबांचा फोटो भिंतीवरून उतरवलाय, रंगासाठी म्हणे. ती भिंत रंगवून आठवडा झाला होता.

पाचव्या दिवशी रीळ परत द्यायचं म्हणून बंद करायला बसलो. उघडताना मी सगळे स्क्रू एकाच वाटीत टाकले होते. मूर्खपणा, पण चालतो, कारण कारखान्याच्या रिळात कुठलाही स्क्रू कुठेही बसतो. इथे बसेना. एक अर्ध्यातच अडला, दुसरा डुगडुगला, तिसरा गेला आणि बाहेर यायचं नावच घेईना. दोन तास मी स्क्रूंना, आत्याला, घड्याळवाल्यांना आणि स्वतःला शिव्या घालत होतो.

आणि मग शिव्या थांबल्या. बारा भोकं, बारा स्क्रू, आणि प्रत्येक स्क्रू फक्त स्वतःच्याच भोकात. हे मशीनच्या साच्यातून येत नाही. हे एकेक भोक हाताने मारून, एकेक स्क्रू त्याच्यापुरता कानसून होतं. रिळाच्या दोन बाजूंच्या तबकड्यांवर बारीक मोजायचा व्हर्निअर लावला. त्या जोडणाऱ्या, फोटोत डिट्टो दिसणाऱ्या खांबांच्या जागासुद्धा केसभर इकडेतिकडे.

धावत घड्याळवाल्यांकडे गेलो. त्यांच्या एका रिळाच्या भागांची अदलाबदल करून बघायची म्हटलं तर म्हणतात, "हात लावायचा नाही. मी लावीन." लावा बाबा! एक स्क्रू काढायला त्यांनी तीन वेळा चष्मा पुसला. त्यांचं दोरीचं मोठं चाक माझ्या रिळात बसेना. त्यांचे स्क्रू बसेनात. माझी मूठ त्यांच्यात जाईना.

"घरी केलेलंय," ते पडलेल्या आवाजात म्हणाले. "आणि काय केलंय!"

मी उडी मारणार तेवढ्यात त्यांनी माझ्या रिळातलं छोटं दातेरी चाक उचललं. दोरी सुटताना कर्र आवाज करतं ते. अंगठ्याच्या नखाएवढं. ते मात्र त्यांच्या रिळात अलगद बसलं. जणू तिथलंच.

"हे तिथलंच आहे," घड्याळवाले म्हणाले. "एक दात आखूड बघ. नापास माल. भंगारात टाकलेला असणार."

आता हे आत्याला कसं सांगायचं? चाक गिळून टाकावं असं वाटलं. पण एकदा घाईने चुकीचं बोललो होतो, आता सोयीचं खोटं कुठल्या तोंडाने बोलणार?

गेलो. सगळं सांगितलं. चाकाचंही.

आत्या रंगाचा वास येणाऱ्या खोलीत स्टुलावर बसून ऐकत होती. "म्हणजे रीळ त्यांनी केलं."

"सगळं. फक्त हे एक चाक..."

"विचारून घेतलं होतं?"

"ते मला कसं कळणार आत्या? पण भंगारातलं होतं गं, नापास..."

"भंगारातलं असलं तरी विचारायला हवं होतं." तिने चाक तळहातावर घेतलं. डोळे भरले, पण हसतही होती, आणि चिडलेलीही. "मी इतकी वर्षं छातीठोकपणे सांगतेय, अण्णांनी काहीच घेतलं नाही. एवढ्याशा चाकासाठी मला खोटं पाडलं या माणसाने!"

मग तिने काकाला फोन लावला. स्पीकरवर.

"अण्णांनी रीळ स्वतः केलं होतं. सिद्ध झालंय. फक्त एक चाक कारखान्याचं."

"म्हणजे चोरलंच की!" काका.

"चाक! चाक आणि रीळ यात फरक आहे की नाही?"

"चोरी ती चोरी."

"नखाएवढं आहे रे!"

"कुणाच्या नखाएवढं?"

आत्याने माझ्याकडे बघितलं, मग चाकाकडे. "करंगळीच्या," ती म्हणाली.

अंगठ्याच्या होतं. मी गप्प बसलो.