वेटिंगवाला राजगड

विश्वनाथ पुण्याला राहायला गेला आणि तिथे त्याने खरा राजगड पाहिला. ही बातमी फोनवर ऐकली तेव्हा दिनकरला बालमित्राने गुपचूप दुसरं लग्न केल्यासारखं वाटलं.

कारण या दोघांचा राजगड फरिदाबादच्या मागे होता.

अरवलीच्या उघड्याबोडक्या टेकड्यांना गडांची नावं दिली ती विश्वनाथच्या वडिलांनी. भाऊसाहेब दिल्लीत केंद्र सरकारात नोकरीला, दिनकरचं घर शेजारच्याच क्वार्टरमध्ये. मे महिन्यात पुण्याच्या गाडीचं रिझर्वेशन मिळालं नाही, की भाऊसाहेब तिकीटखिडकीवरच गर्जना करत, "चला, यंदा गड!" रिझर्वेशन बहुधा मिळत नसे. त्यामुळे या पोरांनी महाराष्ट्र फारसा पाहिला नव्हता, पण जिंकला मात्र सगळा होता. खुद्द भाऊसाहेबांनी राजगड पाहिला होता तो बसच्या खिडकीतून, ढगात. "पण ढग राजगडावरचेच होते," असं ते ठासून सांगत.

वर पोचलं की शिस्त ठरलेली. आधी गडाला नैवेद्य, मग आपला घास. एका चपट्या दगडावर भाऊसाहेब मिरचीच्या ठेच्याचा गोळा ठेवत, भोवती पाणी फिरवत आणि दरी हादरेल असं ओरडत, "हात धुतले का?" जेवताना मग रेल्वेला शिव्या. भाकरी संपेपर्यंत शिव्या पुरत.

आता भाऊसाहेबांना जाऊन दोन वर्षं झाली होती. विश्वनाथ ऑफिसच्या कामाने दिल्लीत आलेला, जूनमधला एक रविवार मोकळा. दिनकर म्हणाला, "चल, गड." म्हणाला खरा, पण सकाळपासून त्याला एकच धास्ती होती. खरा पाहून आलेला हा माणूस वर जाऊन 'टेकाड' म्हणाला तर? विश्वनाथचं ठीक होतं. दिनकरकडे दुसरा राजगड नव्हता.

"तिकडे ना, दिन्या, माचीवर तळं आहे," विश्वनाथ चढता चढता म्हणाला.

"आपल्याकडे पण होतं."

"ती दगडाची खाण होती, यार. पाणी साचलेली."

"तळ्यात काय, पाणी उभं असतं?"

लूचा तापलेला वारा असा वाहत होता की समोरचा डोंगर उकळतोय असं वाटावं. काटेरी कीकराच्या फांदीने विश्वनाथचा शर्ट फाडला, दिनकरच्या शर्टाला हातही लावला नाही. दिनकरला ते आवडलं.

"बाबांच्या खांद्याला ती पाण्याची पिशवी असायची, आठवतं?" विश्वनाथ सावली शोधत म्हणाला. "जाड कापडाची, टपटप गळणारी. काय म्हणायचो रे तिला?"

"पाणी गार असायचं. कापडाची चव यायची."

"ते आठवतंय. नाव?"

दोघांनी बरंच डोकं खाजवलं. नाव येईना. दिल्लीत वाढलेल्यांचे असे बरेच शब्द वाटेत सांडलेले असतात. दोघं प्लास्टिकच्या बाटलीतलं चहाइतकं गरम पाणी प्यायले आणि उरलेली चढण मुकाट्याने चढले.

वर तो चपटा दगड होता. पण शेंदूर फासलेला. बाजूला झेंडा, समोर हिरव्या मिरच्यांचा ढीग. शेजारी शेळ्या राखणारी एक म्हातारी बसलेली.

"जूते उतारो," ती म्हणाली. "मिर्ची लाए?"

"मिर्ची?"

"राजगढ़वाले बाबा को मिर्ची चढ़ती है. हर गर्मी में आते थे, दो लौंडों को लेकर. बहुत पहुँचे हुए थे."

लौंडे एकमेकांकडे बघत राहिले. एकाला टक्कल पडलं होतं, दुसऱ्याला चाळिशीचा चष्मा.

"बाबा करते क्या हैं?" दिनकरने विचारलं.

"टिकट दिलाते हैं. रेल का. कैसा भी वेटिंग हो, कन्फर्म." म्हातारीने दगडाला हात जोडले. "खुद को कभी मिली नहीं न, तो दूसरों का दर्द समझते हैं."

विश्वनाथने पिशवीतून सँडविच काढलं, उघडलं आणि बोटाने आतली हिरवी चटणी निपटायला लागला.

"पहले मंतर!" म्हातारी ओरडली आणि डोळे मिटून, दरी हादरेल अशा आवाजात म्हणाली, "हात धुतलेऽऽ का!"

विश्वनाथने हात मागे घेतला. "नाही," तो लहान तोंड करून म्हणाला. दिनकरने बाटली ओतली, त्याने हात धुतले, चटणी दगडावर ठेवली, भोवती पाणी फिरवलं. मग बराच वेळ दरीकडे पाठ करून उभा राहिला. दिनकर शेळ्या बघत बसला. शेळ्यांत बघण्यासारखं काही नव्हतं.

शेवटी विश्वनाथने मोबाईल काढला. पुण्याला आईला लावला.

"आई, मी राजगडावर आहे."

दिनकरने शेळ्यांवरून मान वळवली. पलीकडून सुमित्राकाकूंचा आवाज फोनबाहेर सांडत होता.

"परत? गेल्याच महिन्यात गेला होतास ना!"

"तो नाही गं," विश्वनाथ म्हणाला. "आपला."



"अगं बाई, या उन्हात? टोप्या आहेत ना? दिनू आहे ना बरोबर? आणि छागळ नेलीत का?"

"छागळ!" दोघं एकदमच ओरडले. शेळ्या दचकल्या. म्हातारीने नवा मंतर समजून हात जोडले.

"काय रे? नेलीत ना?" काकू विचारत होत्या.

"हो, काकू," दिनकर फोनजवळ जाऊन म्हणाला, आणि प्लास्टिकची बाटली त्याने पाठीमागे लपवली.