होयबाचा खुलासा

"दुखतंय कुठं?" फिजिओथेरपिस्ट बाईंनी विचारलं.

"तुम्ही म्हणाल तिथं," कारकून म्हणाला.

तो विनोद करत नव्हता. गेले तीन आठवडे ज्याने त्याने त्याचं दुखणं त्यालाच समजावून सांगितलं होतं आणि त्याने प्रत्येकापुढे मान डोलावली होती. बाईंनी हातातली वही खाली ठेवली. वयाने त्या त्याच्या मुलीएवढ्या असतील, पण आवाज हेडमास्तरांचा.

"मी म्हणून कसं चालेल? पाय तुमचा आहे. बोट ठेवून दाखवा."

मग त्याने बोट ठेवलं. कमरेच्या डाव्या बाजूपासून ते नितंबावरून, मांडीच्या मागून, पोटरीच्या बाहेरच्या कडेने फिरवत पार करंगळीपर्यंत आणलं. करंगळीला मुंग्या येत होत्या. बाकी सगळ्या रस्त्यावर कोणीतरी तापलेली तार ओढत असल्यासारखं वाटत होतं.

जन्म-मृत्यूचे दाखले देणाऱ्या खिडकीवर त्याने अठ्ठावीस वर्षं काढली होती. चोपन्न वर्षांच्या आयुष्यात कुणाला नकार दिल्याचं त्याच्या बायकोलाही आठवत नव्हतं. रजेचा अर्ज कुणाचाही असो, बदली काम याच्या गळ्यात. कचेरीत त्याला होयबा म्हणत, आणि तोंडावर म्हटलं तरी तो हसत असे. एका सकाळी कपाटाच्या खालच्या कप्प्यातलं जुनं जाडजूड रजिस्टर ओढताना कमरेत काहीतरी कट्‌कन वाजलं आणि संध्याकाळपर्यंत डावा पाय टेकवेना. डॉक्टरांनी तपासलं, मणक्यातली गादी सरकून नसेवर आली आहे, याला सायटिका म्हणतात, पण ऑपरेशनची गरज नाही, असं सांगून गोळ्या आणि व्यायामाची चिठ्ठी दिली. चिठ्ठी खिशातच राहिली. बायको म्हणाली झोपून राहा, हा म्हणाला बरं. मेहुणीने पट्टा पाठवला, तो बांधला. शेजाऱ्यांनी तेल दिलं, ते चोळलं. तीन आठवडे अंथरुणाला खिळून पाय लाकूड झाला, तेव्हा कुठे ती चिठ्ठी बाहेर निघाली.

बाईंनी त्याला पालथं झोपवलं. आधी नुसतं पडून राहायला सांगितलं, मग कोपरांवर, मग तळहातांवर जोर देऊन छाती वर उचलायला. कंबर मात्र सैल सोडायची. दहा वेळा. दहाव्या वेळी त्यांनी विचारलं, आता कुठंय? त्याने जरा वेळ लक्ष दिलं. पोटरीतली तार गेली होती. मांडीत होती, कमरेत तर आधीपेक्षा जास्त ठणकत होतं. तो घाबरला.

"कमरेत वाढलं तर वाढू दे," बाई म्हणाल्या. "पायातून वर सरकतंय ना, म्हणजे शत्रू माघार घेतोय. खाली पावलाकडे उतरायला लागलं तर मात्र थांबायचं आणि मला कळवायचं. आणि लघवीला त्रास झाला, बैठकीची जागा बधिर झाली, पाऊल लुळं पडायला लागलं, तर मलाही विचारत बसायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा."

दर दोन तासांनी दहा वेळा. खुर्चीच्या कडेला बसून गुडघा हळूहळू सरळ करायचा, परत दुमडायचा. नस ताणायची नाही, नुसती सरकवायची. सकाळ-संध्याकाळ चालायचं, आधी पाच मिनिटं, मग दहा. आणि अर्ध्या तासाच्या वर एका जागी बसायचं नाही. हे शेवटचं ऐकून तो म्हणाला, की त्याचं काम बसूनच असतं. बाई म्हणाल्या, ते तुमच्या साहेबांना सांगा, नसेला सांगून उपयोग नाही.

चौथ्या दिवशी मेहुणा आला. तो कुणा हाडवैद्याची वेळ घेऊन, गाडी दारात उभी करूनच आला होता. एका झटक्यात कंबर मोकळी करतो म्हणे. भावोजी जमिनीवर पालथे पडून मान वर काढताहेत हे बघून त्याला हसू आवरेना. या वयात सरपटायला लागलात, तो म्हणाला, उठा, कपडे बदला. बायकोने शर्ट काढूनही ठेवला होता.

"मी नाही येत," कारकून जमिनीवरूनच म्हणाला.

मेहुण्याने बहिणीकडे पाहिलं. बहिणीने नवऱ्याकडे.

"सहा झालेत. चार राहिलेत," तो म्हणाला आणि पुन्हा तळहात टेकवले.

मेहुणा चहा न घेताच गेला. बायकोने दिवसभर अबोला धरला. संध्याकाळी तो चालायला निघाला तेव्हा मात्र तीही पायांत चपला सरकवून मागोमाग कोपऱ्यापर्यंत आली.

दीड महिन्याने तो कामावर रुजू झाला. खुर्ची तीच होती, बूड टेकताच खोलगट होणारी. अर्धा तास झाला की तो उठे, कपाटामागे जाऊन कमरेवर हात ठेवी आणि दहा वेळा मागे वाके. चार दिवसांनी त्याने सरळ रद्दीतले दोन खोके टेबलावर रचले, त्यावर रजिस्टर ठेवलं आणि उभ्यानेच दाखले लिहायला सुरुवात केली. उभ्याने लोकांशी बोलता यावं म्हणून वर्षानुवर्षं बंद असलेलं खिडकीचं वरचं तावदान तेल घालून उघडलं. लोकांना काही वाटलं नाही. साहेबांना वाटलं. आसन सोडून वारंवार अनुपस्थित राहणे व कचेरीच्या शिस्तीस बाधा आणणे याबाबत तीन दिवसांत लेखी खुलासा करावा, असा कागद आला.

दुसऱ्यांचे हजारो अर्ज त्याने दुरुस्त करून दिले होते, पण स्वतःसाठी कधी ओळ लिहिली नव्हती. रविवारची सगळी दुपार त्यात गेली. सुरुवातीला 'क्षमस्व' असं लिहिलं होतं, ते खोडलं. शेवटी उरलं ते एवढंच: मी उभा राहून काम करतो. बसल्यास पाय निकामी होतो. खिडकीवर एकही दाखला दुसऱ्या दिवसावर गेलेला नाही. डॉक्टरांचे व फिजिओथेरपिस्टचे पत्र सोबत जोडले आहे. मी यापुढेही उभाच राहीन.

साहेबांनी खुलासा वाचून बाजूला ठेवला आणि आवाज मऊ केला. "हेडक्लार्कची जागा दोन महिन्यांत रिकामी होतेय. नंबर तुमचाच आहे. पण तिथं बाहेरची माणसं येतात, माझ्यासमोर तासतासभर बसावं लागतं. हा कागद मागे घ्या, चूक झाली म्हणून दोन ओळी लिहून द्या. काय?"

"नाही, साहेब."

साहेबांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. या माणसाच्या तोंडून तो शब्द त्यांनी कधी ऐकलाच नव्हता.

"नाही म्हणालो," कारकून म्हणाला. "चूक झालेली नाही. काम अडलं असेल तर दाखवा, मी लिहून देतो."

काम अडलेलं नव्हतं, त्यामुळे शिक्षा करता आली नाही. पण बढती कुणाला द्यायची हे साहेबांच्या हातात होतं. दोन महिन्यांनी आवक-जावक सांभाळणारी बाई हेडक्लार्क झाली. ती त्याच्यापेक्षा अकरा वर्षांनी कनिष्ठ होती, आणि बिचारी त्याला सांगायला आली तेव्हा तिचेच डोळे भरून आले होते. त्याने मनापासून अभिनंदन केलं. घरी बायकोला सांगितलं तेव्हा ती भांडी पुसत होती. म्हणाली, हेडक्लार्कच्या त्या खोलीला खिडकीसुद्धा नाही.

वाईट वाटलं नाही असं नाही. निवृत्तीला चार वर्षं उरली होती आणि आता तो कारकून म्हणूनच घरी जाणार होता. कचेरीत होयबा म्हणणं हळूहळू बंद झालं. त्याजागी दुसरं नाव कुणाला सुचलं नाही.

नव्या हेडक्लार्कच्या दारावर शिपाई पाटी ठोकत होता त्या सकाळी खिडकीपुढे वीस-बावीस माणसांची रांग होती. साडेदहा वाजले. मांडीत बारीक कळ उठली. कारकुनाने पेनाला टोपण लावलं, पण कपाटामागे गेला नाही. तिथेच, सगळ्यांसमोर, कमरेवर दोन्ही हात ठेवून मागे वाकला. रांगेत मागे कोणीतरी कुरकुरलं. साहेबांच्या खोलीचा पडदा हलला. त्याने मोजणं सोडलं नाही.

सर्वांत पुढे एक बाई होती, खांद्यावर झोपलेलं तान्हं बाळ घेऊन. ती म्हणाली, "होऊ द्या, काका. मी थांबते."

"तीनच राहिलेत," तो म्हणाला, आणि पुन्हा मागे वाकला.