लांबट शिंपले

उदयसिंह सर कोल्हापूरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. मुरगूडजवळ वेदगंगेत दोन तऱ्हेचे शिंपले सापडतात, गोल आणि लांबट, आणि त्या दोन वेगळ्या जाती आहेत, असा निबंध त्यांनी तीस वर्षांपूर्वी लिहिला होता. लांबट जात त्यांनीच शोधलेली. त्यानंतर त्यांनी फारसं काही लिहिलं नाही.

शबनूर त्यांच्या शेवटच्या बॅचची विद्यार्थिनी. पीएचडीला तिनं हेच शिंपले घेतले. साठ लहान, गोल शिंपल्यांवर नंबर चिकटवून ते जाळीच्या पिंजऱ्यात घालून नदीत ठेवले आणि दर महिन्याला एसटीनं जाऊन मापं घेतली. दुसऱ्या वर्षी दिसू लागलं, की वाढता वाढता गोल शिंपलाच लांबट होतोय. जात एकच होती.

तोवर सरांना यकृताचा कॅन्सर निघाला होता. दर रविवारी त्यांचा फोन यायचा.

"माझी लांबट जात काय म्हणती?"

"मापं चाललीत, सर," ती म्हणायची. असे सहा महिने गेले.

शेवटी मनाशी ठरवून ती त्यांच्या राजारामपुरीतल्या घरी गेली. सर फार वाळले होते. तिनं एक मोठा लांबट शिंपला त्यांच्या हातात दिला. सरांनी तो खिडकीच्या उजेडात धरला. शिंपला वाढतो तशा त्याच्यावर रेघा उमटत जातात. त्या रेघांवरून नख फिरवत ते बाहेरून आत गेले. सगळ्यात आतली, सगळ्यात जुनी रेघ गोल होती. नख तिथंच थांबलं.

"लहानपणी हा गोल हुता."

"हो, सर. पिंजऱ्यातले जगले तेवढे सगळेच लांबट झाले."

"तुला कधी कळलं?"

"दिवाळीत."

सरांनी शिंपला खाली ठेवला. "मी चुकलो, त्याचं काय न्हाय. माणूस चुकतोय की. पण सहा महिनं तू माझ्याशी खोटं बोललीस."

तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून, असं तिला म्हणायचं होतं.

पुढच्या रविवारी फोन आला नाही. तिनं केला, तर झोपलेत म्हणून कळलं. त्याच आठवड्यात सर गेले.

दिवसकार्य झाल्यावर ती भेटायला गेली. सरांच्या पत्नी, संयोगिता काकींनी तिला जवळ बसवून घेतलं.

"सर माझ्याबद्दल काही बोलले का?" तिनं विचारलं.

"न्हाय. त्या दिवशी तू गेल्यावर जेवलं न्हाईत. भिंतीकडं तोंड करून पडलं. मला वाटलं, दुखत असंल."

मग शबनूरनं त्यांना सगळं सांगितलं, दिवाळीपासूनचं.

"तवाच सांगायचं हुतंस गं," काकी म्हणाल्या. "दिवाळीत त्यांच्या अंगात चालायची ताकद हुती. तुझ्यासंगं नदीवर आलं असतं. आपल्या हातानं मोजलं असतं."